परड्यातला बी बाम: बियाण्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

बी बामचं पान चुरगळून कुणाच्याही नाकाशी धरा, आपल्याकडचं माणूस एकच शब्द बोलतं: ओवा. शेजारच्या काकूंनी तर पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्याची भजी होत्यात काय गं?" होत असतील, मी अजून केली नाहीत. पण काकूंचं नाक खरं बोललं. ओव्याला वास येतो तो थायमॉल नावाच्या द्रव्याचा, आणि बी बामच्या काही जातींच्या पानांतही तेच असतं. घराणं मात्र ओव्याचं नाही, तुळशी-पुदिन्याचं. दांडी दोन बोटांत फिरवून बघा, गोल नसून चौकोनी लागते, आणि पानं समोरासमोर जोडीनं येतात.

झाडाचं माहेर उत्तर अमेरिका. शास्त्रीय नाव मोनार्डा. ते स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या निकोलस मोनार्डेस या सोळाव्या शतकातल्या वैद्याच्या नावावरून पडलं. अमेरिकेतून येणाऱ्या वनस्पतींवर त्यानं पुस्तक लिहिलं, स्वतः मात्र अमेरिकेला कधी गेला नाही. तिथल्या ऑस्वेगो भागातले मूळ रहिवासी या पानांचा काढा घेत. १७७३ मध्ये बॉस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, त्यानंतर तिथल्या वसाहतवाल्यांनीही चहाऐवजी हाच 'ऑस्वेगो चहा' पिऊन भागवलं. एवढा इतिहास पुरे.

आधी एक गोष्ट सरळ सांगून टाकते. मोबाईलवर लालभडक फुलांचे ताटवे दिसतात, तसा ताटवा बेळगावात होणार नाही. कमरेएवढी चार-सहा झुडपं, त्यांवर वर्षातून एकदा महिनाभर फुलं, आणि त्या फुलांवर दिवसभर भुणभुण, एवढं मिळालं तर जमलं म्हणायचं. मला ते तिसऱ्या वर्षी मिळालं. तुम्हाला दुसऱ्या वर्षी मिळावं म्हणून हे लिहिते आहे.

इथे अडतं कुठे

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, हवा बरी आहे, म्हणून थंड देशातलं काहीही इथे येईल असं आपल्याला वाटतं. बी बामची अडचण उन्हाळ्याची कमी आणि बाकीच्या दोन गोष्टींची जास्त आहे.

पहिली म्हणजे दिवसाची लांबी. त्याच्या गावी तो जून-जुलैत फुलतो, तेव्हा तिथे उजेड पंधरा तासांच्या आसपास असतो. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस अकरा तासांच्या थोडा वर आणि जूनचा सगळ्यात मोठा दिवससुद्धा तेरा तासांचा. त्यामुळे हिवाळ्यात हे झाड जमिनीलगत पानं पसरून गप्प बसतं. नवीन माणसाला वाटतं, मेलं. मेलेलं नसतं. मार्चपासून दिवस वाढायला लागला की दांड्या वर चढतात आणि कळ्या धरतात त्या मेमध्ये, म्हणजे बरोबर वळवाच्या आणि मृगाच्या तोंडावर.

दुसरी अडचण तीच: पाऊस. बेळगाव शहरात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो, खानापूर ओलांडून कणकुंबीकडे गेलात तर त्याच्या कितीतरी पट, आणि अथणीकडे बेळगावच्या निम्मासुद्धा नाही. एकाच जिल्ह्यात एवढा फरक. बी बामला ओलावा आवडतो, पण मुळं पाण्यात बुडालेली चालत नाहीत. माझी पहिली चार रोपं ऊन लागून गेली नाहीत. जुलैत, संततधारेच्या दहाव्या-बाराव्या दिवशी मुळाशी काळी पडून गेली. म्हणून पुढची सगळी मेहनत पाणी घालण्याची कमी आणि पाणी काढून देण्याची जास्त आहे.

कुठला बी बाम

दुकानात 'बी बाम', 'मोनार्डा', 'बर्गमॉट' अशी तीन नावं दिसतील, तिन्ही एकच. 'लेमन बाम' मात्र वेगळं झाड आहे, आणि अर्ल ग्रे चहात जो बर्गमॉट असतो तो संत्र्या-लिंबाच्या कुळातला. वास मिळताजुळता म्हणून नाव उसनं घेतलंय, बाकी नातं नाही.

जाती बऱ्याच आहेत, आपल्या कामाच्या चार. डिडिमा म्हणजे तो प्रसिद्ध लाल. त्याला थंडी हवी, ओल हवी, आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, सगळ्यात आधी त्यालाच धरते. फोटो बघून सगळे तोच आणतात, मीही तोच आणला होता. फिस्टुलोसा फिकट जांभळा, जरा रानटी दिसणारा, पण काटक. बेळगाव, खानापूर, हुक्केरी या पट्ट्यात नवशिक्यानं यानंच सुरुवात करावी. सिट्रिओडोरा एका हंगामाचा, वर्षायू. पानाला लिंबाचा वास, ऊन सोसतो, पेरल्या वर्षीच फुलतो. पंक्टाटाची फुलं दांडीवर मजल्यामजल्यानं चढतात आणि त्यांच्याभोवतीची गुलाबी पानंच फुलांपेक्षा उठून दिसतात. त्याला वालुकामय, कोरडी जमीन मानवते. चिकोडी-अथणीकडच्या माणसानं तो करून बघावा, मात्र गादीवाफ्यावर.

मी आज नव्यानं सुरुवात केली असती तर फिस्टुलोसाची एक पुडी आणि सिट्रिओडोराची एक पुडी घेतली असती. एक टिकायला, दुसरी पहिल्या वर्षी धीर द्यायला. लाल डिडिमा तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

बियाणं भारतातल्या विक्रेत्याकडूनच घ्या. अमेरिकेतला भाचा येताना बॅगेत घालून आणतो म्हणाला तर त्याला नको सांगा. परदेशातून बी-रोप आणायला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. २००३ चा वनस्पती संगरोध आदेश त्यासाठीच आहे. बियांबरोबर कुठला रोग येईल हे डोळ्यांना दिसत नाही.

माती: तालुक्यागणिक वेगळी

तांबड्या मातीचं परडं असेल, बेळगावच्या आसपास किंवा खानापूरकडे, तर अर्धं काम झालं. पाणी थांबत नाही. फक्त जांभ्याची माती आंबट आणि भुकेली असते. खड्ड्यात कुजलेलं शेणखत दोन घमेली घाला, चुलीतली राख मिळत असेल तर दोन मुठी भुरभुरा. राख घमेल्यानं ओतू नका.

निपाणी, चिकोडी, अथणीच्या काळ्या मातीत मात्र थेट जमिनीत लावूच नका. ती पावसात चिखल धरते आणि उन्हाळ्यात तडकून मुळं तोडते. तिथे फूटभर उंचीचा गादीवाफा करा, मातीत एक तृतीयांश वाळू आणि भाताचं तूस मिसळा. वाळू मिळत नसेल तर एम-सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, चालेल, पण बारीक भुकटी चाळून टाका, नाहीतर सिमेंटसारखं बसतं.

कुंडीत लावणार असाल तर बारा इंची मातीची कुंडी. प्लास्टिकची स्वस्त आणि हलकी पडते हे मान्य, पण पावसाळ्यात मातीची कुंडी अंगानं पाणी सोडते, आणि खानापूरच्या कुंभारकामाचा नावलौकिक असताना आपण प्लास्टिक का शोधायचं? तळाला तीन भोकं हवीत, एक पुरत नाही. भोकांवर खापरी उलटी ठेवा. वर दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घालू नका. मेमध्ये ते उपकार करतं आणि जुलैत फडक्यासारखं पाणी धरून मुळं कुजवतं. माती तपासून घ्यायची असेल तर शेती खात्याच्या जवळच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी करा.

जागा अशी निवडा की सकाळचं ऊन चार-पाच तास मिळेल आणि दुपारी सावली येईल. घराची पूर्वेची बाजू उत्तम. शेवग्याच्या विरळ सावलीतही चालतं. आंब्याखाली नको. आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यात, जिथे वारा फिरत नाही, तिथे तर मुळीच नको. कारण पुढे भुरीच्या वेळी कळेल.

पेरणी: हस्त-चित्राच्या पावसात

बी राजगिऱ्याएवढं. फिस्टुलोसाच्या बियाला खोटा हिवाळा दाखवला तर उगवण चांगली होते. अनंत चतुर्दशीच्या आसपास बी ओलसर वाळूत कालवून झाकणाच्या डबीत भरा आणि फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात तीन-चार आठवडे ठेवा. डबीवर नाव लिहा. आमच्याकडे एकदा ती डबी कसली तरी चटणी समजून उघडली गेली होती. सिट्रिओडोराला याची गरज नाही.

मग ऑक्टोबरात, पावसाचा जोर सरला की पेरा. प्रोट्रे, म्हणजे रोपं करायचा खळग्यांचा ट्रे, असेल तर तो, नाहीतर उथळ खोका. माती चाळलेली, ओली, पण पिळली तर पाणी गळू नये अशी. बी वर टाका आणि बोटानं नुसतं दाबा. मातीनं झाकू नका! या बियाला उगवायला उजेड लागतो. अर्धा इंच खोल पेरून तीन आठवडे वाट बघणारे मला दोघेजण माहीत आहेत, आणि त्यांतली एक मीच. पाणी झारीनं घालू नका, बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. ट्रे परातीतल्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवला की माती खालून ओल ओढून घेते.

दहा ते वीस दिवसांत कोंब दिसतात. याच काळात रोपं मुळाशी बारीक होऊन एका रात्रीत आडवी पडायची भीती असते. त्यावर उपाय म्हणजे गर्दी नको, वारा हवा, आणि संध्याकाळी पाणी नको. पेरण्याआधी मातीत थोडा ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपकारी बुरशी, मिसळला असेल तर आणखी बरं. चार पानांवर रोप आलं की एकेक करून छोट्या पिशवीत हलवा. नोव्हेंबर संपताना, तुळशीची लग्नं उरकली की कायमच्या जागी लावा.

दोन रोपांत दीड ते दोन फूट. एवढ्याशा रोपांसाठी एवढी जागा सोडताना जीव होत नाही, हे मला माहीत आहे. मधल्या जागेत कोथिंबीर-मेथी पेरा, हिवाळाभर खा, मार्चमध्ये जागा मोकळी करा.

पहिला हिवाळा आणि पहिला उन्हाळा

हिवाळ्यात करण्यासारखं फारसं नाही. बोट मातीत घालून दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी आणि मुळाशी. युरिया तर नकोच. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, दांड्या लोळतात आणि भुरीला आयतं जेवण मिळतं. मार्चमध्ये एकदा ओंजळभर गांडूळखत, बस्स.

दांडी वीतभर झाली की शेंडा खुडा. एकाच्या दोन, दोनाच्या चार फांद्या होतात. खुडलेले शेंडे वाया घालवू नका. तीन-चार इंचांचा, कळी नसलेला शेंडा, खालची पानं काढून ओल्या वाळूत सावलीत खोचला की दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतो. एका रोपाची चार रोपं करायची ही फुकटची वाट.

एप्रिल-मे मध्ये आच्छादन हवंच. आपल्या जिल्ह्यात उसाचं पाचट कुठेही मिळतं, पेटवून देण्याऐवजी लोक आनंदानं देतात. तीन इंच जाडीचा थर करा, पण दांडीपासून चार बोटं लांब. अथणीसारख्या भागात दुपारी शेडनेट बांधा. पानांच्या कडा करपल्या, खालून बारीक जाळी दिसली तर लाल कोळी समजा. पानांच्या उलट्या बाजूनं सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन-तीन दिवस लागोपाठ.

फुलांचं म्हणाल तर सिट्रिओडोरा पहिल्या उन्हाळ्यात देईल. फिस्टुलोसा बियाण्यापासून बहुधा पहिलं वर्ष पानांतच घालवतो. इथे काकूंची कुंडी मध्ये येते. त्यांना मी एक रोप दिलं होतं, ते त्यांनी ओट्यावर ठेवलं. त्यांच्या ओट्यावरचा दिवा रात्री अकराला जेवणं-मालिका उरकल्यावर बंद होतो. त्यांचं रोप माझ्याआधी तीन आठवडे फुललं! रात्र तोडली की झाडाला दिवस मोठा वाटतो. फुलशेतीवाले शेवंतीच्या शेडमध्ये रात्री दिवे लावतात तेही रात्रीची लांबी तोडायला, फक्त तिथे हेतू उलटा, फूल लांबवायचा असतो. एका कुंडीवरून मी नियम काढत नाही, पण तुमच्याही ओट्यावर रात्री दिवा जळत असेल तर एक कुंडी तिथे ठेवून बघायला काय जातं?

पावसाळा

वळवाचा वारा आपल्याकडे झाडं झोपवतो. कळी धरायला आलेल्या दांड्यांना बांबूची काठी लावून सुतळीनं सैल बांधा. हे एप्रिलच्या शेवटी करा, पहिल्या वळवानंतर नाही.

मृगाचा पाऊस स्थिरावला आणि फुलं ओसरली की मन घट्ट करून सगळ्या दांड्या जमिनीपासून चार-पाच इंचांवर कापा. माझ्याच्यानं पहिल्यांदा हे झालं नव्हतं. एवढी हिरवी पानं, कशी कापायची? ती पानं महिनाभर ओली राहून सडली आणि सड खाली मुळापर्यंत गेली. आता मी मृगातच कात्री घेऊन बसते. बुंध्याभोवतीचं पाचटही त्याच दिवशी उचलते. उन्हाळ्यात जे पांघरूण, तेच पावसात कुजवण.

कुंड्या दोन चिऱ्यांवर उचलून ठेवा, खालची ताटली काढून टाका. पत्र्याखाली किंवा गॅलरीत, उजेड असेल अशा जागी न्या, पण वळचणीच्या धारेखाली नको. आकाशातल्या पावसापेक्षा पत्र्यावरून पडणारी धार कुंडीतली माती खणून काढते. जमिनीतल्या रोपांभोवती चर काढून पाणी बाहेर द्या. खानापूर-जांबोटीकडे राहत असाल तर जमिनीचा नाद सोडा. तिथे कुंडीच हवी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती छपराखालीच हवी.

या दिवसांत नव्या कोंबांवर गोगलगायी येतात. रात्री बॅटरी घेऊन वेचायच्या. मीठ टाकू नका, ते मातीत उतरतं आणि झाडालाच बाधतं.

भुरी

अथणीकडच्या द्राक्षबागायतदाराला भुरी म्हणजे काय हे सांगायला नको. बी बामच्या पानांवर तशीच पांढरी पिठूळ बुरशी येते. ती पावसात येईल असं वाटतं, पण जोराचा पाऊस तिचे कण धुऊन टाकतो. ती येते पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारी, जेव्हा रात्री थंड, पहाटे दव आणि दुपार कोरडी असते. पुन्हा फुलांच्या आधी, पाण्याचा ताण पडला की येते.

झाड सहसा मरत नाही, पण विद्रूप होतं आणि दमतं. पहिला इलाज कात्री: गर्दीतल्या एक तृतीयांश दांड्या बुंध्यातून काढा, वारा खेळू द्या, धरलेली पानं तोडून जाळा, कंपोस्टात टाकू नका. दुसरा, एक वाटी दूध आणि नऊ वाट्या पाणी, आठवड्यातून एकदा सकाळी उन्हात फवारा. सुरुवातीच्या भुरीवर हा उपाय चालतो, झाड पांढरंफटक झाल्यावर नाही. तिसरा, पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी, माशा घरी गेल्यावर. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर गंधक मारू नका, पानं भाजतात. आणि ज्या झाडाची पानं चहात घालणार त्यावर दुधापलीकडे काही नको.

चहाचं म्हणाल तर दोन पानं उकळत्या पाण्यात, थोडा गूळ. चव ओव्याच्या काढ्याच्या आसपास. हौस म्हणून ठीक आहे, औषध म्हणून नाही, गरोदरपणात टाळावाच.

माशांचा हिशेब

नाव बी बाम, म्हणजे मधमाश्या तुटून पडणार, हा गैरसमज. फूल लांब नळीचं असतं. लाल डिडिमाचं फूल तीन सेंटिमीटरच्या वर लांब जातं, आणि आपल्या सातेरी माशीची जीभ जेमतेम पाच मिलिमीटर. मध तळाशी, जीभ वर. अमेरिकेत लाल फुलांवर गुंजनपक्षी येतात, जांभळ्यांवर केसाळ, जाड भंबलबी. हे दोघेही आपल्या भागात नाहीत.

मग इथे कोण येतं? माझ्या परड्यात सगळ्यात आधी आला तो काळा भुंगा, जुन्या वाशांत भोकं पाडतो तोच. तो फुलाच्या तोंडातून जातच नाही. बाजूनं नळीला चीर पाडतो आणि आतला मध पितो. चोरीच ती. पण त्याच चिरेतून मागाहून सातेरी आणि इवल्याशा फुलोरी माश्याही पिऊन घेतात. मग निळ्या पट्ट्यांची एक चपळ माशी येते, जागच्या जागी तरंगणारी, लांब जिभेची. तिचं आणि या फुलाचं चांगलं जमतं. लाल फुलांवर शिंजीर डोकावतो. संध्याकाळी पतंग येतात. छोट्या माश्यांसाठी लावत असाल तर फिस्टुलोसा आणि पंक्टाटा बरे, त्यांची नळी तुलनेनं आखूड.

ही मंडळी यायला हवी असतील तर रासायनिक कीटकनाशक परड्यात आणू नका. विशेषतः इमिडाक्लोप्रिड. किरकोळ माव्यासाठीही दुकानदार तीच बाटली पुढे करतो. ते झाडाच्या अंगात भिनतं आणि मधात, परागात उतरतं. युरोपीय संघानं २०१८ मध्ये या गटातल्या तीन औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. आणि परड्याचा एक कोपरा उघड्या मातीचा राहू द्या, फरशी घालू नका. निळ्या पट्ट्यांची माशी जमिनीत किंवा जुन्या मातीच्या भिंतीत घर करते. आमच्या मागच्या पडक्या भिंतीला गिलावा करायचा बेत होता, तिथली भोकं बघितल्यावर मी तो पुढे ढकलला. घरात यावरून अजून बोलणी बसतात.

बी बाम वर्षातला महिना-दीड महिनाच मध देतो. बाकीचे साडेदहा-अकरा महिने त्याची आपल्याकडची भावंडं सांभाळतात, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त भरवशाची. तुळस आणि सब्जा जवळजवळ बारमाही. तुंबा पावसाळ्यानंतर आपोआप उगवतो, तण म्हणून उपटू नका. दीपमाळेचे नारिंगी गोळे पंक्टाटासारखेच दांडीवर मजल्यामजल्यानं येतात, शिंजीर तर तिच्यावरून हलत नाही. जांबोटी-चोर्ल्याकडची कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि त्या वर्षी रानातल्या पोळ्यांची चंगळ असते. ती काही परड्यात लावायची गोष्ट नव्हे, पण फुलेल त्या वर्षी जाऊन बघा.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर

दोन वर्षांत झुडूप बाहेरच्या बाजूनं पसरतं आणि मधोमध टक्कल पडतं. मुळं मातीच्या वरच्या थरातच आडवी धावतात. पाऊस ओसरला, माती अजून मऊ आहे, अशा वेळी, म्हणजे हस्ताच्या शेवटी, अख्खा गड्डा कुदळीनं उचला. कडेचे कोवळे, दोन-तीन कोंब असलेले तुकडे सुरीनं कापून घ्या. मधला लाकडी भाग फेकून द्या, त्याचा लोभ धरू नका. तुकडे त्याच दिवशी लावा, आठवडाभर सावली करा. एका गड्ड्याचे सहज सहा-सात होतात. दोन स्वतःला, बाकीचे गल्लीत.

उरलेलं मात्र कचऱ्याबरोबर माळावर किंवा रानाच्या कडेला टाकू नका, बी तर नाहीच. घाणेरीही एकेकाळी बागेतलं शोभेचं झाड म्हणूनच आली होती, फुलपाखरं तिच्यावरही येतात, आणि आज खानापूरच्या रानात ती कुठवर शिरली आहे ते रस्त्यावरून जातानाही दिसतं. सुकलेली बोंडं बी झडायच्या आत कागदी पिशवीत कापून घ्या, पिशवीवर जात आणि महिना लिहा, आणि पुढच्या अनंत चतुर्दशीपर्यंत कोरड्या डब्यात ठेवा. या वेळी डब्यावर 'चटणी नाही' असंही लिहा.